मॅटाडोरमधली बाई

“छबू, नीट धर. पडली तर बाई मुकी व्हईल,” आमचा ड्रायव्हर मच्छिंदर म्हणाला आणि त्यानं मॅटाडोरच्या डॅशबोर्डात करवतीचं पातं घातलं.

मी ती काळी काच दोन्ही हातांनी छातीशी धरून क्लीनरच्या सीटवर बसले होते. काच म्हणजे बाईच्या आवाजात रस्ता सांगणारा स्क्रीन. बार्शीच्या भंगारवाल्याकडं एक चेंबलेली भारी गाडी आली होती, तिच्या पोटातून मच्छिंदरनं तो उपसून आणला होता. आता तो आमच्या गाडीच्या पोटात बसवायचा होता. आमची मॅटाडोर माझ्या लग्नाच्याही आधीची. तिची दारं सुतळीनं बंद व्हायची, काटे सगळे झोपलेले, आणि रिव्हर्स तर कधीच मेला होता. गाडी मागं घ्यायची झाली की सगळा बँड खाली उतरून पुढून ढकलायचा आणि मी आत बसून शिव्या घालायची.

“ह्या म्हातारीला आता कानात डूल घालताव व्हय रं?” दारात उभे राहून नाना म्हणाले.

नाना म्हणजे हरिबा अवघडे. अवघडे ब्रास बँडचे मालक, ट्रंपेट वाजवणारे आणि माझे चुलत सासरे. माझा नवरा गेला तेव्हा त्यांनीच माझ्या हातात माईक दिला. लोक म्हणाले, रांडमुंड बाई वरातीपुढं गाणार, अपशकुन की हो! नाना म्हणाले, मग दुसरा बँड बघा. दुसरा बँड आमच्यापेक्षा महाग होता, म्हणून लोकांचा अपशकुन तिथंच मिटला.

“नाना, तुमच्यापायीच घालतुया,” मच्छिंदर पातं ओढत म्हणाला. “पिंपरीचं इसरलाव व्हय?”

पिंपरीचं नाव काढलं की नाना मिशीवरून हात फिरवायचे. आदल्या मोसमात आम्हाला एका पिंपरीची सुपारी होती. नानांनी छाती ठोकून गाडी नेली दुसऱ्याच पिंपरीत. तिथंही मांडव होता, तिथंही नवरदेव होता, घोड्यावर बसून कंटाळला होता. कुणी काही विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही दणक्यात वाजवत नवरदेव मांडवात नेऊन पोहोचवला, आणि तेव्हा त्या लोकांनी सांगितलेला खरा बँड वेशीवर आला. पैसे त्या बँडला मिळाले. आम्हाला जेवण मिळालं. आणि ज्या पिंपरीत जायचं होतं तिथला नवरदेव मोबाइलवर गाणी लावून मांडवात गेला. त्याच्या बापानं नानांना फोनवर जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. लिहायला लाजते म्हणून नाही, कागद पुरणार नाही म्हणून.

तर ती काच बसली. टेप जिथं होता तिथं, देवीच्या फोटोखाली, प्लॅस्टिकच्या हाराच्या कुशीत. आणि मग मच्छिंदरनं ते केलं जे फक्त बँडवाला करू शकतो. स्क्रीनचा स्वतःचा स्पीकर फाटलेला होता. दुसरा कुणी असता तर त्यानं एक लहानसा स्पीकर विकत आणला असता. मच्छिंदरनं तिची वायर सरळ आमच्या अॅम्प्लिफायरला जोडली. अॅम्प्लिफायर म्हणजे टपावरचे चार भोंगे.

“आपल्या घरात आवाजाला तोंड एकच,” तो म्हणाला. “मागं बसल्याल्या पोरांनाबी ऐकू जायला नगं का?”

करंटही त्यानं तिथूनच घेतला. म्हणजे बाईला बंद करायचं तर सगळा बँड बंद करावा लागणार. माझ्या मांडीवर जो मिक्सर असायचा, त्याची एक खुंटी माझ्या माईकची आणि शेजारची आता तिची. अंधारात घोटाळा नको म्हणून मच्छिंदरनं माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि तिच्या खुंटीवर चिकटवली.

“माझी कशाला रं?” मी म्हणाले.

“तू विधवा हायस की.”

“मग लावलीया कशाला म्हणतुस? मला आवडती म्हणून लावलीया!”

“आता तिला लावू दे. तिचा नवरा जिता हाय का मेला कुणाला ठाव!”

बटण दाबलं. सगळी वस्ती दुपारची झोपलेली. आणि टपावरून, चारी दिशांना, बामणाच्या बाईसारख्या स्वच्छ मराठीत आवाज घुमला, “उत्तरेकडे जा.”

माणसं घरांतून बाहेर पडली. एक म्हातारा धोतर सावरत आला नि म्हणाला, “कशापायी? उत्तरंला काय झालं?” शेजारची पारू लेकराला काखेत मारून निघालीसुद्धा होती. मच्छिंदर स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. मी हसले नाही. इतकी वर्षं त्या गाडीत बाईचा आवाज एकच होता. माझा.

पोरांनी तिला मास्तरीणबाई नाव ठेवलं. दोन महिन्यांत अशी अवस्था झाली की ती बोलली की क्लॅरिनेटवाला “व्हय बाई” म्हणायचा आणि ढोलवाला नमस्कार करायचा. मच्छिंदर तर चुकीचं वळण घेतलं की तिची माफी मागायचा. ती कधी चिडायची नाही. मार्ग बदलत आहे, एवढंच म्हणायची. मी मनातल्या मनात म्हणायचे, मेले, एकदा तरी शिवी दे म्हणजे तू बाई आहेस हे पटेल.

नाना मात्र तिच्याकडं बघायचे नाहीत. नानांच्या डोक्यात त्यांचा स्वतःचा नकाशा होता, आणि पिंपरी सोडली तर तो चुकत नसे. कुठल्या गावात आपल्या लोकांची वरात कुठून न्यायची. कुठल्या दारासमोर ट्रंपेट खाली घ्यायचं. कुठल्या पाराजवळ नवरदेवाला घोड्यावरून उतरवायचं आणि पुढं गेल्यावर परत बसवायचं. आम्ही मातंग. लोकांच्या वराती वाजवत गावाच्या मधोमध जातो, आणि आपली असली की गावाला वळसा घालून मागनं. सगळी गावं अशी नव्हती, पण जी होती ती नानांना तोंडपाठ होती. हा नकाशा त्यांना त्यांच्या बापानं शिकवला होता, काठीनं मातीत रेघा ओढून.

सावळदऱ्याची सुपारी आली ती अशाच गावाची.

नवरी तिथली. लिंबाजी खिलाऱ्याची पोर, प्रतीक्षा, पुण्यात नर्सचं शिकून तिथंच नोकरीला लागलेली. नवरदेव लातूरचा. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मच्छिंदरच्या मोबाइलवर तिचंच लोकेशन आलं, आणि खाली मजकूर. मच्छिंदरनं मोठ्यानं वाचला.

“याच ठिकाणी यायचं. कुणी काही सांगितलं तरी याच ठिकाणी.”

“बरी पोर हाय,” मी म्हणाले. “नवऱ्याचं कसं व्हायचं?”

मच्छिंदरनं ठिकाण स्क्रीनवर घेतलं आणि डोकं खाजवलं. “नाना, हे वस्तीवर दिसंना. ह्यो ठिपका गावाच्या मधी पडलाय, मारुतीजवळ.”

“पोरीचं बोट सरकलं आसंल,” नाना म्हणाले. “मला ठाव हाय लिंबाजीचं घर.”

दुसऱ्या दिवशी ऊन कलता कलता आम्ही सावळदऱ्याच्या शाळेत पोहोचलो. नवरदेवाची माणसं तिथं उतरली होती. गॉगल, पांढरी पॅन्ट, सेंटचा वास, आणि आणखी एक वास जो मला लांबूनही कळतो. नानांनी सगळ्या पोरांना गाडीमागं गोळा केलं.

“ध्यान देऊन ऐका. शाळेपास्नं पाण्याच्या टाकीपत्तुर सरळ. टाकीपाशी दोन वाटा हायत्या. सरळ गेलं की पेठ, मारुती, आन दादासाहेबाचा वाडा. तिकडं आपलं काम न्हाई. आपुन डावीकडं, वढ्यातनं, बाभळीतनं, वस्तीवर. कळलं?”

“नाना, वढ्याला चिखल हाय,” ढोलवाला म्हणाला.

“चिखल धुता येतो,” नाना म्हणाले आणि त्यांनी ट्रंपेटचं तोंड पुसलं.

त्या ट्रंपेटच्या गळ्याला एक पोचा होता. दोन वर्षांपूर्वी ह्याच सावळदऱ्यात, ह्याच टाकीपाशी, एका वरातीत नाचणारी पोरं चार पावलं पेठेकडं सरकली होती. आमचा ढोल विळ्यानं फाडला गेला आणि नानांचं ट्रंपेट कुणाच्या तरी बुटाखाली आलं. तेव्हापासून ते एका सुरावर थोडं रडकं वाजायचं. नानांनी ते सोनाराकडून, लोहाराकडून ठोकून घेतलं, पण रडं गेलं नाही. आज पुन्हा तसं झालं असतं तर बँड संपला असता. नवीन वाद्यं घ्यायला आमच्याकडं काही नव्हतं, आणि डीजेवाले टपलेलेच होते.

वरात निघाली. आमच्याकडची रीत अशी की सगळ्यांत पुढं नाचणारे, त्यांच्यामागं गाडी, गाडीमागं वाजवणारे, त्यांच्यामागं घोडा आणि घोड्यामागं बायका. गाडीत मच्छिंदर आणि मी. आणि नानांचा एक नियम, जो त्यांच्या बापाचाही होता, की वाजप एकदा सुरू झालं की नवरीच्या दारापर्यंत थांबवायचं नाही. देवळासमोर, वाड्यासमोर हळू करतील, ट्रंपेट खाली घेतील, पण ढोलाचा ठेका तुटू द्यायचा नाही. ठेका तुटला की नवरीचा जीव घाबरतो, असं ते म्हणायचे.

मी माईक घेतला. अॅम्प्लिफायर चालू केला. आणि मी तोंड उघडायच्या आत टपावरून बाई बोलली, “सरळ पुढे जा.”

लातूरची पोरं जागच्या जागी थांबली. मग एकानं गॉगल कपाळावर चढवला आणि ओरडला, “आरं, नवरीकडच्यांनी काय बंदोबस्त केलाय राव! अनाउन्समेंट!”

“सरळ चला रे!” दुसरा किंचाळला, आणि निघाली सगळी नाचत.

“मच्छ्या, ही कशी सुरू?” मी म्हणाले.

“ते लोकेशन तसंच ऱ्हायलं की गं. ठिकाण आलं न्हाई तवर ती बोलतच ऱ्हाणार.”

“बंद कर!”

“बँड बंद करू?”

टिकलीची खुंटी पिळून तिला गप्प करता आलं असतं, पण टाकीपर्यंत वाट सरळच होती, म्हणून मी गायला लागले. मी एक ओळ म्हणायची, ती मध्येच तोंड घालायची. मी म्हणायची, नवरी नटली. ती म्हणायची, तीनशे मीटर सरळ जा. पोरांना वाटलं हे गाण्यातलंच आहे. त्यांनी त्यावर नाच बसवला. “सरळ जा” म्हटलं की सगळी हात पुढं करून उडी मारायची. मागच्या बायकांनीही धरलं. नवरदेवाची जाडजूड आत्या कमरेत पदर खोचून उडी मारत होती. एवढी वर्षं मी घसा फाडला, माझ्या एकाही ओळीवर आत्यांनी अशा उड्या मारल्या नव्हत्या.

टाकी आली.

डावीकडं ओढ्याची वाट दिसत होती, बाभळी आणि चिखल. सरळ पेठ, फरसबंदी, दोन्हीकडं दारं. नाचणारी पोरं लातूरची. त्यांना कोण सांगणार की ही वाट कुणाची आणि ती वाट कुणाची? मागून नानांचा आवाज आला. ट्रंपेट तोंडातून काढून ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “छबू! तिचं तोंड दाब! डावीकडं! डावीकडं घ्या!”

माझा हात टिकलीवर गेला. खुंटी डावीकडं फिरवली की बाई गप्प, उजवीकडं फिरवली की मोठी.

तेवढ्यात ती म्हणाली, “सरळ पुढे जा.” तशीच. शांत. जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नाहीच. मी जन्मापासून बायका ऐकत आले होते. आई, सासू, चुलत्या, मावश्या. सगळ्या सांगायच्या, तिकडनं नको, इकडनं ये. खाली बघून ये. मागनं ये. ह्या बाईला कुणी ते शिकवलंच नव्हतं.

मी खुंटी उजवीकडं फिरवली. पार शेवटापर्यंत.

मच्छिंदर माझ्याकडं बघत राहिला. “छबू?”

“ड्रायव्हर तू हायस का मी? बाई सांगती तशी चालीव.”

“नाना जीव घेतील.”

“माझा घेतील. तू गिअर टाक.”

त्यानं देवीच्या फोटोला हात लावला, मग स्क्रीनला हात लावला, आणि गिअर टाकला. चार भोंगे खच्चून ओरडले, “सरळ पुढे जा!” आणि आमची सुतळीची म्हातारी पेठेत शिरली.

काय सांगू! दारं उघडत गेली, खिडक्या उघडत गेल्या. पोरं कौलांवर चढली. दोन्हीकडच्या भिंतींवर आवाज आदळून दुप्पट व्हायचा, तो ओढ्याच्या मोकळ्यात कधीच व्हायचा नाही. आमचा ढोल एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. हसू येत होतं आणि लघवीला लागली होती, दोन्ही एकदम.

मारुतीच्या पारावर गावचे कारभारी दादासाहेब बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर हात, शेजारी चार-पाच माणसं. ते उठले आणि सरळ गाडीच्या नाकासमोर येऊन हात वर करून उभे राहिले. नाचणारी पोरं त्यांच्याही भोवती नाचायला लागली. एकानं त्यांच्या गळ्यात हात टाकला.

“काका, नाचा की!”

दादासाहेबांनी हात झटकला. “गाडी थांबीव!”

मच्छिंदरनं ब्रेक दाबला. ढोल चालूच होता.

“कोण बोलतीया ही वरनं?” दादासाहेबांनी भोंग्याकडं बोट केलं.

“बाई हाय, मालक,” मच्छिंदर म्हणाला.

“कुठली बाई? आमच्या गावची न्हाई ही.”

“न्हाई न्हाई, लय लांबची हाय.”

“तिला कुणी सांगितलं ह्या वाटंनं आणायला?”

“तिला कोण सांगणार मालक? तीच समद्यांना सांगती.”

“आन तुमी चाललाय कुठं?”

मी शपथेवर सांगते, मी काही केलं नाही. माझे दोन्ही हात माईकवर होते. बाईच बोलली. त्यांच्या तोंडासमोर, त्यांच्या वाड्याच्या दारात, मारुतीच्या साक्षीनं, चार भोंग्यांतून, “आपण आपल्या गंतव्यस्थानी पोहोचला आहात.”

मग वाड्याच्या माडीवरून एक बाई हसली. फिस्कन. तोंडावर पदर दाबून, पण ऐकू येईल असं. दादासाहेबांचीच सून होती ती. तिचं बघून समोरच्या ओसरीवरची हसली. मग शेजारची. हसू असं दारादारांतून पळत सुटलं की कुणाला आवरेना. लातूरची पोरं तर फरसबंदीवर लोळायची बाकी होती.

दादासाहेब लालबुंद झाले. “गाडी मागं घे!”

“मालक, रिव्हर्स पडत न्हाई.”

“मंजी?”

“गाडीला मागं जाता येत न्हाई. मागं घ्यायची तर ढकलावी लागती. पुढनं.”

“मग ढकला रे!” दादासाहेब पारावरच्या माणसांवर ओरडले.

चार माणसं आली. बॉनेटला हात लावले. आमच्या बँडच्या गाडीला, आमच्याच नवरदेवाच्या वरातीत, पेठेतल्या माणसांचे हात लागले, आणि ती जोर लावायला लागली. गाडी हलेना. मागं ढोल, मागं घोडा, घोड्यामागं आत्या. घोडं फुरफुरलं. आत्या मागून ओरडली, “कोण ढकलतंय रं भाड्या? बायामाणसं हायत मागं!” चौघांतला एक पोरगा मान खाली घालून हसायला लागला, त्याच्या हातातलं बळच गेलं.

तेवढ्यात नाना पुढं आले. टोपी घामानं भिजलेली. माझ्याकडं त्यांनी अशी नजर टाकली की मी सीटमध्ये बुडाले.

“हरिबा,” दादासाहेब म्हणाले, आता जरा समजुतीनं, “तू शाना माणूस हायस. तुला रीत ठावी हाय. सांग ह्यांना.”

नाना हात जोडणार असं मला वाटलं. त्यांचे हात जोडायला उठलेही. पण एका हातात ट्रंपेट होतं, त्यामुळं ते जुळेनात. ते ट्रंपेटकडं बघत राहिले. गळ्यावरच्या पोच्याकडं.

“दादासाहेब,” ते हळूच म्हणाले, “माझं काय, मी मागं जाईन की. आजवर गेलुया. पण गाडीला मागं येत न्हाई, घोड्याला मागं येत न्हाई. आन वाजप सुरू झाल्यावर आमी थांबवत न्हाई. आमचीबी एक रीत हाय.”

आणि त्यांनी ट्रंपेट तोंडाला लावलं. मारुतीसमोर, वाड्यासमोर, जिथं त्यांच्या बापानं मातीत रेघ ओढून सांगितलं होतं की इथं खाली घ्यायचं, तिथं वर, आभाळाकडं तोंड करून. पहिलाच सूर त्या रडक्या जागेवर लागला. रडका नव्हता. पोचा तसाच होता, पण सूर असा धारदार निघाला की कौलांवरची कबुतरं उडाली. मागून पोरांनी उचललं. मी माईक घेतला. आणि बॉनेटला हात लावलेली ती चार माणसं एकमेकांकडं बघत बाजूला झाली, कारण गाडी पुढं यायला लागली होती.

दादासाहेब पारावर चढले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मशिनीची चूक हाय ही. मशिनीला काय कळतं? जाऊ द्या आजच्या दिवस.”

मला तेव्हा हसू आलं आणि आज राग येतो. माणसासमोर हरलो म्हणायला त्यांच्या जिवावर आलं होतं. मशिनीसमोर हरायला काही वाटलं नाही.

वस्तीवर तर आणखीच मज्जा. लिंबाजी खिलारे, त्याची बायको, सगळी वस्ती ओवाळणीचं ताट घेऊन ओढ्याच्या तोंडाशी उभी होती. सगळ्यांची तोंडं बाभळींकडं. आणि वाजप आलं पाठीमागून, गावातून. सगळी एकदम वळली. ताटातलं कुंकू लिंबाजीच्या धोतरावर सांडलं. तो कुंकवानं माखलेला माणूस गाडीपुढं आला, तोंड उघडं, आणि एवढंच म्हणाला, “हिकडनं?”

“हिकडनं,” मच्छिंदर म्हणाला.

लिंबाजी गाडीसमोर नाचायला लागला. त्याला नाचता येत नव्हतं. तो नुसताच उड्या मारत होता.

नंतर काय झालं ते ऐका. पारावर बैठक बसली आणि ठरलं की चूक मशिनीची, बँडवाल्यांना काही बोलायचं नाही. मग पुढच्या मोसमात वस्तीतल्या दुसऱ्या लग्नाचा फोन आला. “नाना, बँड पाहिजे. बाई हाय ना गाडीत?” मग शेजारच्या गावातून. मग लांबून. कुणी गाणी विचारेना, वाजप किती विचारेना. बाई आहे ना, एवढंच. डीजेवाले बघत राहिले. मशीन प्रत्येक गावात चुकायला लागलं, नेमकं आपल्याच लग्नात, नेमकं पाराजवळ.

आणि गंमत म्हणजे स्क्रीन त्याच पावसाळ्यात मेला होता. टपातून पाणी गळलं आणि काच कायमची आंधळी झाली. नाना म्हणाले, आता काय करायचं? मी मिक्सर मांडीवर घेतला, टिकलीची खुंटी उजवीकडं फिरवली, तिची वायर माझ्या माईकला जोडून घेतली, आणि नाकातून, स्वच्छ मराठीत म्हणाले, “सरळ पुढे जा.” ढोलवाल्यानं सवयीनं नमस्कार केला. आजवर कुणाला कळलेलं नाही. आता कळेल, कळू दे.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तेव्हा मी नवरीला बघायला आत गेले. प्रतीक्षा खाटेवर बसली होती. पिवळीजर्द, मुंडावळ्या एका कानाशी लोंबलेल्या, पायात पुण्याचे बूट.

“पोरी,” मी तिच्याजवळ बसून म्हणाले, “तुझं बोट सरकलं आन आमचा जीव जायची पाळी आली. वस्तीचं सोडून मारुतीजवळचं लोकेशन पाठवलंस की गं.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग उशीखालून मोबाइल काढला. काचेवर हळदीची बोटं उमटलेली होती, वाळून कडक झालेली.

“मावशी, बोट नाही सरकलं. काल मी पारासमोर जाऊन उभी राहिले, आणि तिथून पाठवलं.”

“अगं बाई! हळद लागलेली पोर उंबरा ओलांडत नसती! आन त्या पेठेत? एकटी? कुणी धरलं न्हाई तुला? कुणी हाकललं न्हाई?”

“पारावर सगळे बसले होते,” ती म्हणाली, आणि हसायलाच लागली, इतकी की मुंडावळ्या पार खांद्यावर आल्या. “पण अंगाला ओली हळद होती ना, मावशी. मला हात कोण लावणार?”